भरतीचा फॉर्म भरायच्या आधी घरात करायची कामं

मी मिलिटरी भरतीच्या पोरांची मेस चालवते. खटाव तालुक्यात, रस्त्याकडेला पत्र्याचं शेड आहे. पहाटे चारला भिजवलेले हरभरे नि गूळ, दुपारी चपाती, रात्री भाकरी. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मुलगा मात्र भरतीला गेला नाही. जाणारी, न जाणारी, जाऊन परत येणारी, सगळी माझ्या ताटावर जेवून गेलीत. पोरं कशी पळतात ते ग्राउंडवाले सांगतील. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं: जायचं की नाही हे घरात बसून कसं ठरवायचं.

पहिलं काम कागदाचं. पोराला एकट्याला बसवा, बाप समोर नको. ‘मला मिलिटरीत का जायचंय’ हे त्याच्या हातानं लिहायला लावा. अट एकच, देशसेवा हा शब्द वापरायचा नाही. तो शब्द काही खोटा नाही, पण तो लिहिला की पोरगं पुढचं लिहायचं थांबतं. मग कागदावर काय येतं बघा. दोन एकर जिरायत आणि वाटेकरी तीन भाऊ. फौजीला गावात खुर्ची देतात. लग्नाला मुलगी मिळते. आजा होता, बाप होता, मग मी का नको. एकानं लिहिलं होतं, ‘घरात रोज दारू आहे, मला बाहेर पडायचंय.’ ते पोरगं आज नोकरीत आहे, दिवाळीला येताना माझ्यासाठी साखरेचं पोतं उचलून आणतं, नको म्हटलं तरी.

यातलं कुठलंच कारण वाईट नाही. फक्त प्रत्येकापुढं एक प्रश्न लिहायचा: हे कारण दोन वर्षांनी उरेल का? आमचे हे १९९४ ला गेले ते नणंदेच्या लग्नाचं आणि विहिरीचं कर्ज होतं म्हणून. बेळगावला साहेबानं विचारलं तेव्हा ‘देशसेवा’ म्हणाले, सगळेच म्हणतात. १९९९ ला कारगिलचं पेटलं तेव्हा हे काश्मीरलाच होते. नणंदेला तोवर दोन पोरं झाली होती, कर्जही फिटलं होतं. पुढं एकदा मी विचारलं, मग तिथं थांबलात कशासाठी? म्हणाले, ‘शेजारचा थांबला होता.’ घरातून माणूस एका कारणानं निघतो आणि तिथं दुसऱ्याच कारणानं टिकतो. ते दुसरं कारण कागदावर येत नाही, पण पोरात त्याची जागा आहे का, ते आईला कळतं. मेसमध्ये मला कळतं ते साध्या गोष्टीवरून. आजारी पडलेल्याचं ताट खोलीवर कोण नेऊन देतो, एवढं मी बघते.

दुसरं काम हिशोबाचं, हे बापानं करायचं. माझं शेड पेन्शनवर उभं राहिलंय, म्हणून मी हे कुणापासून लपवत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ ही सैन्यभरतीची नवी योजना आली, तेव्हापासून जवान म्हणून जाणारं पोरगं अग्निवीर म्हणूनच जातं. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० ठरलेत, पण ३० टक्के सेवा निधीला कापून हातात २१,००० येतात. मग २३,१००, मग २५,५५०, चौथ्या वर्षी २८,०००. जेवढे आपले कापले जातात तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याज सोडून १० लाखांच्या थोडे वर मिळतात, त्यावर कर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शंभरातली जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार. बाकीच्यांसाठी निमलष्करी दलांत काही जागा राखल्यात, पण म्हणून काही तिथं प्रत्येकाची जागा लागणार नाही.

आता पाटीवर वयाची बेरीज मांडा. अठराव्या वर्षी गेला तर बाविसाव्या वर्षी दारात उभा राहील, हातात ती रक्कम आणि अंगात शिस्त. त्या सकाळी तो काय करणार, हे आजच लिहा. ‘बघू’ हे उत्तर धरू नका. एका पोरानं लिहिलं, चुलत्याच्या पोल्ट्रीच्या शेजारी दुसरं शेड. एकानं लिहिलं, पोलीस भरती, वय बसतंय. हे मला पटलं. ज्याच्या घरी दहा लाख आताच बहिणीच्या लग्नाला धरलेत, त्या बापाला मी तोंडावर सांगितलं, दादा, तुम्ही पोराची चार वर्षं आगाऊ विकताय. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसरं काम डॉक्टरचं, आणि ते अकादमीची फी भरायच्या आधी. याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडते. आमच्याकडं एक पोरगं आठ महिने जेवलं. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारायचं, म्हणजे एक्सलंट, साठच्या साठ मार्क. बीमला लटकून पुल-अप दहा, तेही न लटपटता. ऑनलाइन परीक्षा निघाली, ग्राउंड निघालं आणि मेडिकलला गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून बाद. ते गुडघे काय त्या दिवशी जुळले होते? आठ महिने पैसे घेताना एकानंही त्याला सरळ उभं करून बघितलं नव्हतं.

घरच्या घरी एवढं बघा. पाय ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभं राहायला लावा. पायाच्या आतल्या बाजूला कमान सुटून ठसा उमटला तर ठीक, सगळा तळवा भाकरीसारखा उमटला तर सपाट पाय, डॉक्टरला दाखवा. गुडघे जुळवून उभं केल्यावर टाचा एकमेकींपासून लांब राहतात का बघा. उंची सकाळी अनवाणी मोजा, जीडीला, म्हणजे जनरल ड्युटीच्या साध्या जवानाला, आपल्याकडं १६८ सेंटिमीटर लागते. छाती ७७ आणि फुगवून पाच वाढली पाहिजे. रंग ओळखता येतात का ते डोळ्यांच्या डॉक्टरकडंच कळतं, सिग्नलचा लाल-हिरवा कळतो म्हणून गप्प बसू नका. आणि भरती होईपर्यंत कुणी दंडावर, मानेवर गोंदवून घेऊ नका, मग ते महाराजांचं चित्र का असेना.

कुणी ‘आतून करून देतो’ म्हणत आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. एका घरानं म्हैस विकून पैसे दिले होते. म्हैस गेली, तो माणूसही गेला.

चौथं काम, पिठाचा डबा. माझ्या मेसमध्ये नवीन पोरगं आलं की मी त्याचा मोबाईल मागते आणि पंधरा दिवस ज्वारीच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवते. रविवारी संध्याकाळी अर्धा तास मिळतो. ट्रेनिंगला मोबाईल मनाला येईल तेव्हा हातात नसतो, आणि पुढं वर्षाला रजा तीस दिवस. रजा मागितलेल्या दिवशीच मिळते असंही नाही. माझा मुलगा झाला तेव्हा ह्यांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते चार महिन्यांनी. सासरे गेले तेव्हा हे सावडायच्या दिवशी पोचले, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. हे पोराला बसवून सांगून कळत नाही. पंधरा दिवस डबा लावला की निम्म्यांना कळतं. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादं पोरगं स्वयंपाकघरात येऊन उगाचच कांदे निवडत बसतं. त्याला बोलतं करायचं नाही, कांदे निवडू द्यायचे.

पाचवं काम कुणी करत नाही, म्हणून मी करते. मरणाचं बोलायचं. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, मिलिटरी अपशिंगेच म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनी त्याचा स्तंभ उभारलाय. आम्ही दोघं मोटरसायकलवर जाऊन बघून आलो. ज्यांना जमेल त्यांनी पोराला आणि आईला तिथं न्यावं. नुसतं उभं करावं, भाषण नको. मग घरी आल्यावर एकदाच मोठ्यानं विचारावं, तुला काही झालं तर? अग्निवीराला ४८ लाखांचा विमा आहे, हेही त्याच वेळी सांगावं, कारण नंतर ते तोंडून निघत नाही.

आणि दुसऱ्या बाजूचंही विचारावं. एक माळकरी पोरगं होतं. घरात वारी, एकादशी, पळायला हरणासारखं. मला म्हणालं, ‘काकी, मला मरायची भीती नाही वाटत, पण समोरच्यावर गोळी माझ्याच्यानं सुटायची नाही.’ मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, हे हसतील. हे म्हणाले, ‘बाळा, हे तू आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. तिथं सांगितलं असतंस तर शेजारच्याच्या जिवावर आलं असतं.’ तो पोरगा आता दुधाचा टँकर चालवतो.

नाही जायचं ठरलं तर ते कसं सांगायचं, हे पोरांसाठी. फॉर्म भरून, मुद्दाम हळू पळून बाद होऊ नका. एकानं ते केलं, सोळाशेला साडेसहा मिनिटं लावली आणि घरी सांगितलं पोटात कळ आली. मला माहीत होतं. त्या पहाटे त्यानं माझ्यासमोर तीन भाकरी खाल्ल्या होत्या, पळणारा कुणी खात नाही. पुढच्या भरतीला बापानं त्याला परत पाठवला. वर्ष गेलं. त्यापेक्षा फॉर्म सुटायच्या आधी सांगा आणि रिकाम्या हातानं सांगू नका. आमच्या मुलानं आयटीआयचा प्रवेशाचा कागद ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, ‘पप्पा, मला वायरमन व्हायचंय.’ हे काही बोलले नाहीत. जेवण झालं, हात धुतला, काळी पेटी उघडली, त्यातला आपला जुना टेस्टर काढून त्याच्यापुढं ठेवला. नंतर तीन दिवस मात्र शेतावरच जेवले. मानी माणसाला तेवढे दिवस द्यावेत.

सध्या माझ्या डब्यात अकरा मोबाईल आहेत. पोरं ग्राउंडवर गेली की त्यातला एक रोज साडेसहाला वाजतो, वर ‘आई’ असं नाव येतं. नियम माझाच, तरी मी उचलते. ती विचारते, जेवला का? मी काल रात्रीच्या भाकऱ्यांचा आकडा सांगते.