मांजरांच्या निवाऱ्यात मदतीला जाताय? आधी जमिनीवर बसा

पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पिंजरा उघडून मांजर उचलायला जाऊ नका. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या मांजराला वरून येणारा हात म्हणजे संकटच. पिंजऱ्यासमोर जमिनीवर जरा तिरकं बसा, नजर रोखू नका, डोळे सावकाश मिटा-उघडा. बोट नाकापासून थोडं लांब धरा. त्याने वास घेऊन गाल घासला, तर गालावरच खाजवा. पोटाला हात लावायचा मोह आवरा. कान चपटे झाले किंवा शेपटीचं टोक फटके मारू लागलं, की हात मागे. मी पहिले तीन दिवस नुसती पेपर वाचत बसले होते, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

नवखे चुकतात ते हात धुण्यात. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू खोलीत वर्षभरही तग धरतो आणि अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरला दाद देत नाही. त्यामुळे प्रत्येक पिंजऱ्यानंतर साबणाने हात धुवायचे, ग्लोव्ह्ज बदलायचे. पिलांचं काम आधी, आजाऱ्यांचं शेवटी. घरी मांजर असेल तर त्याच्या लसी पूर्ण हव्यात आणि कपडे-चपला दारातच बदलायच्या.

वाटी उचलताना आत बघा. २४ तासांत खाणं तसंच असेल तर सांगा. उपाशी राहिल्याने, विशेषतः जाड्या मांजरांच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार जोर करतोय पण लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर संध्याकाळच्या फेरीची वाट बघू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.