प्रवासाचा कॅमेरा घेताना आधी लेन्स तोला

दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, फिरायला नेण्यासाठी हलका डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) कोणता घेऊ? बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निवडणं सोपं आहे. फक्त फोटो काढायचे असतील तर निकॉन डी३५००, व्हिडिओही करायचा असेल तर कॅनन २००डी मार्क २. बॅटरी आणि कार्ड धरून पहिल्याचं वजन ४१५ ग्रॅम, दुसऱ्याचं ४४९. कॅननचा स्क्रीन बाहेर वळतो आणि त्याला माइक जोडता येतो. निकॉनला हे दोन्ही नाही, पण एका चार्जिंगमध्ये १५५० फोटोंचा दावा आहे आणि गडावर मुक्काम असला की त्याची खरी किंमत कळते. डी३५०० आता नवा बनत नाही, वापरलेलाच शोधा. कॅनन ३०००डी स्वस्त म्हणून घेऊ नका, त्याचा लेन्स माउंट (लेन्स अडकवायची कडी) प्लॅस्टिकचा आहे.

खरी चूक होते ती लेन्सपाशी. मी स्वतः केली आहे.

दुकानात सांगतात, "१८-१४० घ्या, सगळं एकातच." मी घेतली, वर ७०-३०० पण घेतली. (हे आकडे मिलिमीटरमध्ये; जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) पहिली ४९० ग्रॅम, दुसरी ४१५. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढताना खडकाच्या टप्प्यांवर दोन्ही हात लागतात, आणि गळ्यात डी३५०० आणि १८-१४० मिळून ९०५ ग्रॅमचा कॅमेरा दर पावलाला छातीवर आपटत होता. अर्ध्या तासात तो सॅकमध्ये गेला आणि कोकणकडा येईपर्यंत बाहेर आलाच नाही. तो सगळा चढ माझ्याकडे फोटोत नाही. ७०-३०० दोन दिवसांत एकदाही बॉडीवर चढली नाही.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच. बाटलीत ९०० मिली पाणी भरा, पट्ट्याने गळ्यात अडकवा आणि इमारतीचे जिने तासभर चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी तेच ६०० मिली पाणी घेऊन करा. डी३५०० आणि साधी १८-५५ मिळून ६२० ग्रॅम होतात. हा फरक आकड्यात समजत नाही, मानेला समजतो. १८-३०० चा मोह असेल तर त्या लेन्सचंच वजन ५५० ग्रॅम आहे, हे लक्षात ठेवा.

माझं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी १८-५५ आणि सोबत एक छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स), बस्स. १८-५५ म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी किट लेन्स, तिला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. उन्हात, मोकळ्यावर ती उत्तम काम करते. कमी पडते ती अंधारात. कार्ल्याच्या चैत्यगृहात हात स्थिर ठेवूनही माझे फोटो हलायचे. निकॉनची ३५ मिमी एफ१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश) फक्त २०० ग्रॅमची, आणि तेवढ्याच झूमवर किट लेन्सपेक्षा साधारण सहापट प्रकाश आत घेते. कॅननवाल्यांसाठी २४ मिमी एफ२.८ आहे, भाकरीसारखी चपटी, १२५ ग्रॅम. निकॉनच्या त्या ३५ मिमीपेक्षा प्रकाश कमी घेते, पण कॅमेरा दिवसभर गळ्यात राहतो. पक्षी टिपायचे असतील तरच टेलिफोटो (७०-३०० सारखी लांबचं टिपणारी लेन्स) घ्या, तीही वर्षभरानंतर.

निकॉनवाल्यांनी इथे जपावं. डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. मला एकाने जुनी ५० मिमी एफ१.८डी "यावर चालते" म्हणून दिली. ती बसली, पण ऑटोफोकस कधीच झाला नाही. धावणारं मूल हाताने फोकस करून टिपायला गेलो, एकही फोटो धड आला नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच घ्या, अशा लेन्समध्ये स्वतःची मोटर असते.

वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून समोरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती सर्रास धरते, त्यामुळे कितीही स्वस्त असली तरी परत द्या. स्वतःची लेन्स जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कपाटातल्या कापडी बॅगेत नको.