ठाण्याहून दिल्लीला निघताय? एअरपोर्ट मेट्रोसाठी एनसीएमसी कार्ड आधीच तयार करा

दिल्लीच्या टर्मिनल ३ वर उतरलात की शहरात जायला एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो सगळ्यात सोयीची. नवी दिल्ली स्टेशन साधारण २० मिनिटांत येतं. डिसेंबर २०२० पासून या मार्गावर एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड), म्हणजे वेगवेगळ्या शहरांच्या मेट्रोत चालणारं एकच कार्ड, चालतं, त्यामुळे बॅगा सांभाळत तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. फक्त थोडी तयारी ठाण्यातूनच करून निघा.

आधी कार्ड नीट बघा. रुपेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड असलं म्हणजे ते एनसीएमसी असतंच असं नाही, कार्डावर तसं चिन्ह हवं. मेट्रो २अ आणि ७ साठी घेतलेलं ‘मुंबई वन’ कार्ड एनसीएमसीच आहे. ते घरात असेल तर नवीन घेऊ नका.

आता खरी मेख. गेट तुमच्या बँक खात्यातून पैसे घेत नाही, कार्डाच्या चिपमध्ये साठवलेल्या रकमेतून घेतं. खात्यात पन्नास हजार असले आणि चिप रिकामी असली, तर गेट उघडणार नाही. अ‍ॅपवरून टॉपअप केलंत, मेसेजही आला, तरी ती रक्कम आपोआप चिपमध्ये उतरत नाही. कार्ड मशीनवर टेकवून ‘बॅलन्स अपडेट’ करावं लागतं. हे काम मेट्रो स्थानकाच्या काउंटरवर होतं. ठाणेकरांनी मुंबईत मेट्रोने कुठे जाणं झालं की तेव्हाच उरकून घ्यावं, विमान पकडायच्या दिवसावर ठेवू नये. चिपमध्ये २,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते, पण माझं स्पष्ट मत, दोन-तीनशे पुरेत. गेटवर पिन लागत नाही, म्हणजे कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेलेच समजा.

दिल्लीत पोचल्यावर कार्ड पाकिटातून बाहेर काढा. शेजारी दुसरं कॉन्टॅक्टलेस कार्ड असलं की मशीन गोंधळतं. गेटच्या रीडरवर कार्ड सपाट टेकवा आणि दार उघडेपर्यंत हलवू नका. उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं, तेव्हा भाडं कापलं जातं आणि उरलेली रक्कम स्क्रीनवर दिसते. ती वाचा, परतीला पुरेल का ते तिथेच कळतं. एका कार्डावर एकच माणूस. सोबत आई-बाबा असतील तर त्यांची कार्डं किंवा तिकिटं वेगळी काढा.

परतताना विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटतंय ते आधी बघा. टर्मिनल १ चं स्थानक मॅजेंटा लाइनवर आहे. कार्ड हेच चालतं, गाडी मात्र वेगळी.