टेरोसॉरच्या अभ्यासाकडे वळताना

भूशास्त्राची पदवी घेतल्यानंतर जे विद्यार्थी टेरोसॉरविषयी, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांविषयी, माझ्याकडे विचारणा करतात, त्यांना मी आधी प्राणिशास्त्र विभागात जाऊन कबुतराचे व वटवाघळाचे सांगाडे हाताळायला सांगतो, कारण माझी स्वतःची समज तिथेच पक्की झाली. वटवाघळाचा पंख अनेक बोटांवर ताणलेला असतो आणि पक्ष्याचा पिसांनी बनतो; टेरोसॉरच्या पंखाचा पडदा मात्र विलक्षण लांबलेले एकटे चौथे बोट पेलत असे.

त्यांची हाडे उड्डाणासाठी पोकळ झालेली होती आणि अनेक मोठ्या जातींतही त्यांच्या भिंतींची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असे, त्यामुळे गाळाच्या भाराखाली ती पापडासारखी चेपली जातात. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीतले नमुने अतिशय देखणे असले, तरी सांध्यांची रचना समजून घ्यायची असेल, तर ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातील दगडी गोट्यांत न चेपता टिकलेल्या हाडांची वर्णने आधी वाचावीत.

चित्रे काढण्याचा सराव सोडू नये, असे मला मनापासून वाटते. इटालियन निसर्ग-अभ्यासक कोलिनी यांनी 1784 मध्ये पहिल्या टेरोसॉरचे वर्णन व रेखाटन प्रसिद्ध केले, आणि हा उडणारा सरीसृप आहे हे फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी 1801 मध्ये मूळ नमुना न पाहता केवळ त्या रेखाटनावरून ओळखले, इतके ते रेखाटन काटेकोर होते.

आपल्याकडे या अभ्यासाला खरी जागा आहे ती गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ, प्राणहितेकाठच्या कोटा शैलसमूहात. दख्खनचा काळा पाषाण लाव्हापासून बनलेला असल्याने त्यात असे सांगाडे शोधणे व्यर्थ आहे. कोटा येथील ज्युरासिक काळातले चुनखडीचे व मातीचे थर मात्र गोड्या पाण्यात साचलेले आहेत आणि त्यांत माशांचे जीवाश्म विपुल आहेत. तिथल्याच तुकड्यांवरून जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांनी 1974 मध्ये एका टेरोसॉर जातीला ‘कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस’ हे नाव दिले, परंतु ते अवशेष टेरोसॉरचे आहेत की माशाचे, अशी शंका पुढे घेतली गेली. म्हणून या थरांवर काम करू इच्छिणाऱ्याने माशांच्या जबड्यांचा अभ्यास टेरोसॉरइतक्याच निष्ठेने करावा, आणि माती धुऊन बारीक चाळणीतून गाळण्याची जी पद्धत वापरून इथून इवल्याशा सस्तन प्राण्यांचे दात मिळाले, ती आधी शिकून घ्यावी.