विकिपीडियावर ‘संदर्भ हवा’ लावताना या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर लेख वाचताना ‘हे कुठून आलं?’ असा प्रश्न पडला की हात ‘संदर्भ हवा’ या साच्याकडे, म्हणजे वाक्यापुढे तशी खूण उमटवणाऱ्या तयार मजकुराकडे जातो. जायलाच हवा. पण खूण भलत्या जागी लागली तर लेख सुधारत नाही. ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिची सवय होऊन जाते.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे एका वाक्यासाठी अख्ख्या लेखाच्या माथ्यावर ‘संदर्भ हवेत’ अशा सूचनेची पट्टी लावणं. एका गावच्या जत्रेवरच्या लेखात मीही हे केलं होतं. जत्रा ‘चारशे वर्षांपासून’ भरते, एवढंच मला खटकलं होतं. पालखीचा मार्ग, मानकरी, तिथी या सगळ्याला जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा आधार दिलेला होता. लेख लिहिणाऱ्याने चर्चापानावर विचारलं, “नेमकं काय चुकलं ते तरी सांगा.” त्याचं बरोबर होतं. मी पट्टी काढली आणि फक्त त्या ‘चारशे’पुढे खूण केली. दोनच दिवसांत त्याने वाक्य बदलून गॅझेटिअरमध्ये जेवढं आहे तेवढंच ठेवलं.

पट्टी लावायची ती परिच्छेदामागून परिच्छेद बिनसंदर्भ असतील तेव्हा. त्यातही तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत: लेखाला एकही स्रोत नाही, शेवटी पुस्तकांची यादी आहे, पण एकाही वाक्याला तळटीप नाही, आणि तळटिपा आहेत, पण अपुऱ्या. तिन्हींना एकच पट्टी लावली तर पुढच्या संपादकाला काय करायचं ते कळत नाही.

आपल्याकडे मधला प्रकार फार, आणि त्याचं कारण मला समजतं. आपण मराठी विश्वकोश वाचत वाढलो. तिथे नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ असतात आणि खाली लेखकाचं नाव. जाणकाराने लिहिलेली, संपादकांनी तपासलेली नोंद असल्यामुळे तिथे वाक्यावाक्याला तळटिपेचा आकडा लागत नाही. विकिपीडियावर मात्र आज एक जण लिहितो आणि उद्या त्याच परिच्छेदात दुसरा दोन वाक्यं घालतो. मग शेवटच्या पाच पुस्तकांपैकी कोणतं पुस्तक कोणत्या वाक्याला आधार आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा लेखावर ‘संदर्भ नाहीत’ असं लिहू नका. ज्याने पाच पुस्तकं धुंडाळली त्याच्यावर तो अन्याय आहे. पुस्तकं आहेत, ती वाक्यांना जोडायची राहिली आहेत, असं स्पष्ट लिहा.

याउलट, आकडा दिसला म्हणजे आधार आहे असंही धरून चालू नका. समजा रायगडाच्या लेखात ‘शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी येथे झाला’ हे वाक्य आहे आणि त्यापुढे तळटीप. पुढे कुणीतरी वाक्य आणि तळटीप यांच्या मध्ये ‘सोहळ्यास एक लाख लोक हजर होते’ असं घातलं. आता तळटीप त्या लाखाला चिकटली, आणि पुस्तकात तर फक्त तारीख आहे. लेखातल्या बदलांची नोंद दाखवणारं ‘इतिहास’ पान उघडून ते वाक्य कधी आलं ते पाहा, तळटीप मूळ वाक्यामागे न्या आणि खूण नव्या वाक्यावर करा. हे काम वेळखाऊ आहे, पण असली चूक नुसत्या नजरेने कधीच सापडत नाही.

जिवंत व्यक्तीवरचा आरोप बिनसंदर्भ दिसला तर खूण करू नका, मजकूरच काढा. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकी पत्रकार जॉन सिगेन्थालर यांच्या चरित्रात कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचं नाव जोडलं होतं. ते धादांत खोटं सुमारे चार महिने तसंच राहिलं. तिथे ‘संदर्भ हवा’ लिहिलं असतं तरी बदनामी व्हायची ती झालीच असती.

चित्रपटाच्या कथानकाला सहसा संदर्भ मागू नका, तिथे चित्रपट हाच स्रोत असतो. प्रस्तावनेतलं विधान पुढे लेखात तळटिपेसह आलेलं असेल तर तेही सोडून द्या.

संदर्भांच्या यादीत लाल अक्षरांत त्रुटी दिसली तर घाई नको. बहुतेक वेळा एकाच संदर्भाला नाव देऊन तो चार ठिकाणी वापरलेला असतो आणि ज्या परिच्छेदात त्याचा पूर्ण तपशील होता तो कुणीतरी उडवलेला असतो. जुन्या आवृत्तीतून तपशील परत आणला की चारही जागा दुरुस्त होतात. दुवा मेला असेल तर वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये आधी पाहा. मेलेला दुवा म्हणजे संदर्भ नसणं नव्हे. आणि इंग्रजीतून भाषांतर करताना तिकडच्या साच्याचं नाव तसंच आणलं तर पट्टीऐवजी नसलेल्या पानाकडे नेणारा नुसता लाल दुवा दिसेल. साचा इथे आहे का, ते आधी तपासा.

खुणेला उत्तर म्हणून कुणी बातमीचा दुवा दिला तर तारीख नक्की पाहा. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ म्हणतात असं गमतीने विकिपीडियावर लिहिलं. पुढे वृत्तपत्रांनी ते उचललं आणि त्यांचीच नावं लेखात पुरावा म्हणून आली. स्रोत वाक्यापेक्षा जुना हवा.

खूण करताना महिना आणि वर्ष घाला, आणि बदलाच्या सारांशात नेमका प्रश्न लिहा. ‘संदर्भ द्या’ एवढ्याने कुणी कामाला लागत नाही. ‘लोकसंख्येचा हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे का? गावाचा की तालुक्याचा?’ असं विचारलं, तर ज्याच्याकडे जनगणनेची पुस्तिका आहे तो ती उघडून बघतो.