प्लास्टिकच्या दाराला ब्लाइंड लावताना

कोकण किनाऱ्यावरचं आमचं हर्णैचं घर, पडवीचं दार पश्चिमेला. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात जुनं लाकडी दार मोडलं, तिथे पांढरं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीचं, काचेचं दार आलं. फुगत नाही, वाळवी लागत नाही. पण चार वाजले की ऊन थेट सासूबाईंच्या खुर्चीत. साधा पडदा वाऱ्याने दारात चिमटायचा, म्हणून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळला जाणारा पडदा, आणला आणि मीच बसवला. दोनदा बसवला, कारण पहिला एक पावसाळासुद्धा टिकला नाही.

झालं असं, की डब्यात होते ते लाकडाचे लोखंडी स्क्रू मी सरळ पिळले. ही चौकट आतून पोकळ असते. बाहेरचं प्लास्टिक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, स्क्रूला पकड तेवढीच. रोजच्या ओढाओढीने भोक सैल झालं. गणपतीपर्यंत ब्लाइंड धरणारा एक ब्रॅकेट लोंबायला लागला आणि खाली गंजाचे ओघळ, कोणी पान खाऊन पिचकारी मारावी तसे.

आता नीट कसं करायचं ते सांगते. आधी दार कुठे उघडतं ते बघा. बाहेर उघडत असेल तर ब्लाइंड आतून चौकटीवर चालेल. आमच्यासारखं आत उघडत असेल तर तो दाराच्या पल्ल्यावरच लावावा लागतो, नाहीतर दार ब्लाइंडला धडकेल. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. हँडल विसरू नका. कापड हँडलवर घासत असेल तर ब्रॅकेटखाली जाड पट्टी घेऊन ब्लाइंड पुढे आणा.

पल्ल्याच्या आत बहुतेक ठिकाणी पत्र्याची मजबुती असते. ती शोधायला जुन्या स्पीकरचं चुंबक वरून फिरवा, ओढ लागेल तिथे पत्रा. स्क्रू त्यातच जायला हवा. काच धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्टीला चुकूनही भोक पाडू नका, मागे लगेच काचेची कड असते. खालच्या बाजूला पाणी जायच्या फटी असतात, त्याही सोडा.

तेच चुंबक घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे घ्या, स्टीलचेच आहेत." चुंबक लावलं तर टपकन चिकटलं. स्वतःच भोक पाडत जाणारे स्टीलचे स्क्रू बहुधा ४१० जातीचे असतात, खाऱ्या हवेत ते गंजतात. ३०४ मागा, समुद्र अगदी दारात असेल तर ३१६. त्यांना चुंबक जवळजवळ धरतच नाही. मात्र ते पत्रा फोडत नाहीत, म्हणून आधी भोक पाडावं लागतं. आठ नंबरच्या स्क्रूला मी तीन मिलिमीटरचं बिट वापरलं. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, बिटला खुणेची चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ते पलीकडे जाणार नाही. मी ड्रिल सुरू केलं तशी आतून हाक आली, "काय गो, भिंत पाडतेस की काय?"

भोक पडलं की लोखंडाचा बारीक कीस ओल्या फडक्याने लगेच पुसून काढा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तो पांढऱ्या प्लास्टिकवर राहिला तर दोन दिवसांत तपकिरी ठिपके पडतात आणि मग घासूनही जात नाहीत. भोकात सिलिकॉनचा थेंब सोडून स्क्रू पिळा, पण सिलिकॉन न्यूट्रल जातीचं हवं. व्हिनेगरचा वास येणारं धातूला खातं. पिळताना हात आवरा, शेवटचे दोन वेढे हातानेच.

दार गॅरंटीत असेल किंवा घर भाड्याचं असेल तर भोक नको, दुतर्फी फोम टेपवर हलका ब्लाइंड राहतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, प्लास्टिक मऊ होतं. टेप दाबल्यावर एक दिवस काही लटकवू नका. आणि हे काम मे महिन्यातच उरका. जुलैत प्लास्टिकला दमट हवेचा थर असतो, टेप धरत नाही.

कापड पॉलिएस्टरचं घ्या. ताग, सुती, बांबू दिसायला छान, पण आमच्याकडे श्रावणापर्यंत काळी बुरशी धरते. पल्ल्यावरचा ब्लाइंड दार उघडताना झुलतो, त्याची खालची पट्टी दोन क्लिपांत अडकवा. साखळी मुलांच्या गळ्यात येणार नाही अशी ताणून भिंतीकडच्या बाजूला वर बांधा.

दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याचं फडकं ब्रॅकेटवरून फिरवा. मिठाचा थर बोटाला लागतो, जिभेवर टेकवून बघितलंत तर खात्री पटेल.