ऑटो ट्रिम टॅब बसवताय? आधी या चुका टाळा

पावसाळ्यात गेटवे-मांडवा वाहतूक थांबते, स्पीडबोटी पाण्याबाहेर येतात आणि वर्षभर रखडलेली कामं निघतात. सध्या त्यात एक मागणी हमखास असते: "ट्रिम टॅब ऑटोमॅटिक करून द्या." मागणी रास्त आहे. वीस माणसं घेऊन जाणाऱ्या बोटीत चार जण उठून एका बाजूला फोटो काढायला गेले की बोट कलते आणि ती सरळ करायला तांडेलाला सुकाणू सोडून बटणांशी खेळावं लागतं. ते काम यंत्राने केलं तर त्याची नजर समोर राहते. पण हे काम घाईत केलं, तर बोट आधीपेक्षा वाईट चालते. अशा बोटी माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून हे लिहितोय.

मुळात ट्रिम टॅब म्हणजे ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) तळाशी, दोन्ही बाजूंना बिजागरीवर बसवलेल्या स्टीलच्या पट्ट्या. पट्टी खाली झुकली की पाणी तिला वर ढकलतं, त्या बाजूचा मागचा भाग उचलला जातो आणि विरुद्ध बाजूचं नाक दबतं. ऑटो यंत्रणेत बोटीचा कल मोजणारा सेन्सर असतो, वेग जीपीएसवरून मिळतो आणि कोणती पट्टी किती हलवायची ते कंट्रोलर ठरवतो. लेन्कोचं ऑटो ग्लाइड आणि बेनेटचं ऑटो ट्रिम प्रो याच तत्त्वावर चालतात. झिपवेक, हम्फ्री यांच्या यंत्रणेत झुकणाऱ्या पट्टीऐवजी सरळ खाली सरकणारं पातं असतं.

पहिली चूक: हाताने न चालणाऱ्या टॅबवर ऑटो बसवणे

एक टॅब बार्नॅकलमुळे (चिकटून वाढलेल्या शिंपल्यांमुळे) अर्ध्यावर अडकतो, दुसऱ्याला हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये पाणी शिरलंय, आणि मालक म्हणतात, "नवीन कंट्रोलर लावला की होईल." होत नाही. कंट्रोलर फक्त हुकूम देतो. बोट पाण्याबाहेर असतानाच दोन्ही टॅब पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा. दोघांना सारखाच वेळ लागला पाहिजे. हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर पंपाच्या टाकीतलं तेल बघा. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, आधी ते काढा.

टॅबचं मापही इथेच तपासा. बोटीच्या लांबीच्या प्रत्येक फुटाला, प्रत्येक बाजूला एक इंच रुंदीचा टॅब, हा जुना हिशोब आजही कामाचा आहे. २४ फुटी बोटीला १२ इंचांचा टॅब असेल, तर ऑटो तो सतत पूर्ण खाली धरून ठेवेल आणि कल तरीही निघणार नाही. आणि बोट कायम एकाच बाजूला कलत असेल, तर आधी बॅटऱ्या, इंधनाची टाकी आणि सामान कुठे ठेवलंय ते बघा. वजन हलवून सुटणारा प्रश्न टॅबवर टाकला की टॅब कायम पाण्यात ओढत राहतो आणि पेट्रोल जळत राहतं.

डावं बटण, उजवा टॅब

यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. शिकत होतो तेव्हा एका बोटीचं वायरिंग तपासताना डावं बटण दाबलं आणि उजवा टॅब खाली गेला. मला वाटलं वायरी उलट्या लागल्यात. मी त्या बदलल्या आणि काम झालं म्हणून सांगून मोकळा झालो. बोट पाण्यात गेल्यावर तांडेलाचा फोन आला, "सरळ करायला जातो तर जास्तच कलते."

बटणावरचं चिन्ह बोटीच्या नाकाचं असतं, टॅबचं नसतं. डावं नाक खाली हवं असेल तर उजवा मागचा भाग उचलावा लागतो, म्हणून उजवा टॅब खाली जातो. हाताने चालवताना ही अदलाबदल तांडेलाच्या लगेच लक्षात येते आणि तो दुसरं बटण दाबतो. ऑटो तसं करत नाही. बोट उजवीकडे कलली की त्याने उजवा टॅब खाली धाडायला हवा. वायरी उलट्या असतील तर डावा जातो, बोट आणखी कलते, आणि कंट्रोलर डावा टॅब आणखी खाली रेटतो. वेगात असलेल्या, प्रवासी भरलेल्या बोटीत हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. बोट ट्रेलरवर असतानाच एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने मागे उभं राहून टॅब बघावा. दोन मिनिटांचं काम आहे.

वायर आणि वीज

ऑटो मोडमध्ये टॅब फेरीत शेकडो वेळा हलतो, म्हणून बारीक वायरीचा दोष आता लपत नाही. टॅब हलत असतानाच मल्टिमीटर लावा, एकदा बॅटरीवर, एकदा कंट्रोलरवर. बॅटरीवर १२.५ आणि कंट्रोलरवर ११.३ दिसलं, तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड गंजून हिरवा पडलाय. मी फरक ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण ०.३६ व्होल्टपर्यंत ठेवतो. वायर कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायरच घ्या. घरगुती वायरीचं तांबं खाऱ्या हवेत एका हंगामात काळं पडतं.

मुख्य वीज इग्निशनच्या चावीमागून घेण्याची चूकही बरेच जण करतात. चावी बंद केल्यावर टॅब आपोआप वर येण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते, पण त्यासाठी कंट्रोलरला बॅटरीची थेट वीज मिळत राहिली पाहिजे. चावीबरोबर तीही गेली तर टॅब खालीच राहतात. तशाच अवस्थेत कोणी बोट धक्क्यावर मागे घेतली की पाण्याचा सगळा जोर उलट्या बाजूने पट्टीवर येतो. वाकलेल्या पट्ट्या आणि उखडलेल्या बिजागऱ्या बहुतेक अशाच झालेल्या असतात.

वेगाची माहिती एनएमईए २००० केबलवरून (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कवरून) घेतली असेल आणि ऑटो मध्येच सुटत असेल, तर सुटे भाग बदलायच्या आधी नेटवर्कची वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीमधला रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना लागणारा रोधक, नाही. ४० आला तर कोणीतरी तिसरा लावलाय.

कॅलिब्रेशनची घाई

कंट्रोलरला "सरळ म्हणजे काय" हे एकदाच शिकवायचं असतं. ते उतारावरच्या ट्रेलरवर किंवा चार माणसं एका कडेला उभी असताना शिकवलं, तर तो इमानेइतबारे बोट कायम तिरकी चालवेल. सकाळी वारा उठायच्या आत, नेहमीच्या वजनासह आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच हे करा. सेन्सर लवचिक फळीवर किंवा इंजिनच्या उष्णतेजवळ नको, आणि त्यावरचा बाण नाकाकडेच हवा. आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनचा) ट्रिम वेगळा असतो हेही तांडेलाला समजावून द्या. आधी टॅबने बोट सरळ होऊ दे, मग इंजिनचा कोन हाताने जुळवायचा.

ऑटो कधी बंद करायचं

दुपारी मुंबई बंदरात वायव्येचा वारा धरतो. गेटवेहून मांडव्याला जाताना तो मागून, उजव्या अंगाला येतो. परतताना समोरून, नाकाच्या डाव्या बाजूला. रस्ता तोच, पण टॅबची गरज अगदी उलटी. परतताना नाक थोडं दाबलेलं असलं की बोट लाटा कापत येते, आपटत नाही. जाताना मात्र मागची लाट बोटीला उचलून पुढे ढकलते. त्या वेळी टॅब खाली असले तर नाक पुढच्या लाटेत रुततं आणि मागचा भाग बाजूला फिरायला लागतो. बोट आडवी होते ती अशीच. कलाचा सेन्सर लाट आल्यावर कळवतो, ती येताना त्याला दिसत नाही. तांडेलाला दिसते.

म्हणून बोट ताब्यात देताना मी तांडेलाला घेऊन दुपारचीच एक फेरी मारतो. जाताना बंदराबाहेर लाट मागून लागली की ऑटो बंद आणि दोन्ही टॅब पूर्ण वर, हे त्याच्या हातूनच करून घेतो. सुकाणूवरून नजर न हलवता त्याचं बोट बटणावर पडेपर्यंत, लागल्या तर तीन फेऱ्या.